खांड पडली की

उरण, पनवेल आणि पेणच्या खाडीकाठी भाताची कित्येक शेतं उधाणाच्या पाण्याच्या पातळीखाली असतात. मधला मातीचा बांध नसता, तर दर अमावस्या-पौर्णिमेला तिथे भाताऐवजी मासळी दिसली असती. हा बांध खाडीच्याच चिखलाचा, जागोजागी दगडांनी धरलेला. पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून त्यात उघाडी ठेवलेली असते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने तिची झडप उघडते आणि भरती चढली की समुद्रच ती दाबून बंद करतो. बांधाला भगदाड पडलं की खांड पडली असं म्हणतात. खांड पडते एखाद्याच शेतासमोर, पण खारं पाणी थांबत नाही. ते अख्ख्या खारीत, म्हणजे बांधाआडच्या सगळ्या जमिनीत, पसरतं आणि ज्याचं शेत मैलभर आत आहे त्याच्याही रोपांच्या मुळांशी जातं. एकदा खारावलेली जमीन पुन्हा पिकायला दोन-तीन पावसाळे जावे लागतात.

त्यामुळे या पट्ट्यात शेजाऱ्याच्या वाट्याच्या बांधाकडे दुर्लक्ष करणं कुणालाच परवडत नव्हतं. खाडीकाठच्या या खारेपाटात त्यासाठी जोळ नावाची रीत होती. बांधाखालच्या सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून बांध राखायचा, दुरुस्तीला घरटी माणूस द्यायचं आणि खांड पडली तर हातातलं काम टाकून धावायचं. एकोणिसाव्या शतकातल्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये या खाऱ्या जमिनींच्या वहिवाटीची नोंद आहे. काही खारी शिलोत्रदाराच्या असत. तो बांध राखायचा आणि त्या बदल्यात कुळांकडून भात घ्यायचा. काही खारींचा बांध मात्र सगळ्या खातेदारांच्या सामायिक मालकीचा असे. भरती रात्री-अपरात्री येते. पुढची भरती चढायच्या आत, म्हणजे जेमतेम सहा तासांत, खांड बुजवायची असते. माणसांनी रांग धरायची, चिखलाचे गोळे हातोहात पुढे द्यायचे, वर पेंढा आणि दगड टाकायचे. त्या रांगेत कुणाचं शेत मोठं आणि कुणाचं लहान हे विचारायला वेळच नसे.

पूरग्रस्तांना मदत म्हटलं की आज नजरेसमोर येतात ते ट्रक, त्यांवरचे फलक आणि धान्याची पाकिटं. न्हावा-शेवा आणि भोवतालच्या रायगड जिल्ह्याचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर वाटून घेण्याची रीत इथे कामापासून सुरू झालेली दिसते. वस्तू पुढे आल्या. प्रत्येक मोठ्या संकटात पहिल्या काही तासांत जी माणसं वाचली, ती शेजाऱ्यांच्या हातांनी वाचली. त्या हातांची कदर कशी झाली आणि कुठे राहून गेली, हे पाहण्यासाठी काही जुलै महिने पुन्हा उलगडायला हवेत. या जिल्ह्यावरची मोठी संकटं बहुतेक जुलैतच आली.

पहिला जुलै १९४७ सालचा. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. १७ जुलैला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ बोट रेवसकडे निघाली. गटारी अमावस्या होती. मुंबईतले गिरणी कामगार आणि इतर चाकरमानी आपापल्या गावी निघाले होते. बोटीवर सातशेहून अधिक माणसं होती. धक्का सुटून अर्धापाऊण तास होतो न होतो तोच वादळी वाऱ्यात बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि काही मिनिटांत बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. किनारा इतका जवळ असूनही मुंबईला बातमी कळायला कित्येक तास लागले.

त्या तासांत मदतीला आले ते रेवसकडचे कोळी. ते आपल्या होड्यांतून मासळी घेऊन मुंबईच्या बाजाराला निघाले होते. होड्या भरलेल्या होत्या आणि समुद्र खवळलेला होता. त्यांनी मासळी समुद्रात टाकून दिली आणि त्या जागेत माणसं ओढून घेतली, अशी आठवण या किनाऱ्यावर आजही सांगितली जाते. त्यांनी वाचवलेल्यांची संख्या पाऊणशेच्या आसपास सांगतात. टाकलेली मासळी म्हणजे त्या घरांची काही दिवसांची चूल होती. आषाढात मासेमारी आधीच थोडी, त्यात सणाच्या तोंडावरचा बाजार. ती मासळी देताना पावती मागायची सोय नव्हती आणि नुकसानभरपाईचा अर्जही नव्हता. करंजा-रेवसच्या खाडीमुखावर आज तरीने जाताना काशाचा खडक कुठे आहे हे जुनी माणसं बोटाने दाखवतात. ज्यांनी मासळी टाकली त्यांची नावं मात्र कुठल्या दगडावर कोरलेली नाहीत, आणि याची मला खंत वाटते.

त्याच सुमारास बांधांचेही दिवस पालटले. १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा केला आणि पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला. हेतू चांगला होता. मोठे बांध गावाच्या अंगमेहनतीवर टिकत नव्हते, त्यांना सरकारी पैसा आणि अभियंते मिळाले. पण बांध खात्याचा झाला तशी जोळ ओसरू लागली. खांड पडली की गाव धावायचं ते आता अर्ज घेऊन कचेरीत जाऊ लागलं. कचेरी भरतीच्या वेळापत्रकाने चालत नाही. पेण आणि अलिबागच्या खारेपाटात फुटलेले बांध वेळेवर न बांधल्यामुळे नापीक होऊन खारफुटीखाली गेलेल्या जमिनी आज पाहायला मिळतात, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण आहे.

न्हावा आणि शेवा या मुळात उरणजवळच्या खाडीतल्या बेटांसारख्या वस्त्या. मासेमारी, मिठागरं आणि खारीतलं भात यांवर त्या जगत. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व त्या रक्तातून आलं. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. शेवा कोळीवाड्याची वस्ती उठली आणि तिच्या पुनर्वसनाचं दुखणं दशकानुदशकं चाललं. हे इथे सांगण्याचं कारण असं की, घर उठणं म्हणजे काय हे उरणच्या लोकांना कुठला पूर येण्याच्या आधीपासून माहीत होतं. दुसऱ्याच्या पुराकडे ते ज्या नजरेने पाहतात त्यात ही ओळख आहे.

बंदर सुरू होऊन दोन महिने झाले नाहीत तोच त्याच जिल्ह्यात अंबा नदी फुगली. २३-२४ जुलै १९८९ च्या त्या पुराने सुधागड तालुक्यातलं जांभूळपाडा रात्रीतून उद्ध्वस्त केलं आणि नागोठणं बुडवलं. जांभूळपाड्याचं नाव त्यानंतर रायगडात पुराचं माप म्हणून वापरलं जाऊ लागलं.

मग २००५. त्या जुलैची चर्चा मुंबईपुरती होते, आणि मुंबईपुरताच धरला तरी तो जुलै अजोड आहे. २६ जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला, अवघा ७३ मिलिमीटर. दुपारी चारच्या सुमारास साडेचार मीटरच्या आसपास उंचीची भरती होती. वरून पाणी कोसळत होतं आणि समुद्र ते घेत नव्हता. खारीतल्या शेतकऱ्याला ही गोष्ट कुणी समजावून सांगावी लागली नसती. उघाडी बंद असताना आत पाऊस साठला तर काय होतं, हे त्याने जन्मभर पाहिलेलं असतं. सिडकोने नवी मुंबई वसवताना खाडीकाठी धारण तलाव आणि झडपांची दारं बांधली, तीही याच तत्त्वावर. ते तलाव आज गाळाने आणि खारफुटीने भरत चालले आहेत, आणि दर पावसाळ्यात त्यावर वाद होतो.

मुंबईत त्या रात्री लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. लाखो माणसं पाण्यातून चालत निघाली. चाळींनी, इमारतींनी, गुरुद्वारांनी, मशिदींनी, देवळांनी आणि शाळांनी दारं उघडली. रस्त्याकडेच्या वस्त्यांतल्या बायकांनी चहा आणि पोळ्या करून अनोळखी माणसांच्या हातात दिल्या. ज्यांच्या स्वतःच्या झोपडीत गुडघाभर पाणी होतं, त्यांनी दोर धरून लोकांना नाला पार करून दिला. या सगळ्यावर नंतर खूप लिहिलं गेलं आणि ते योग्यच होतं.

रायगडच्या दक्षिणेला त्याच वेळी जे घडत होतं ते मुंबईला दोन-तीन दिवस नीट कळलंच नाही. २५ जुलैपासून महाड आणि पोलादपूर तालुक्यांत पावसाने खंड घेतला नव्हता. सावित्री आणि गांधारी नद्या महाड शहरात शिरल्या. डोंगरांनी इतकं पाणी प्यायलं की माती खडकापासून सुटली. जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते. या गावांवर दरडी आल्या आणि त्यांत सुमारे दोनशे माणसं गेली. एकट्या जुई गावात नव्वदहून अधिक. मुंबई-गोवा महामार्ग तुटला, फोन बंद झाले, ढग इतके खाली की हेलिकॉप्टर उतरवणं अवघड. सरकारला बातमी मिळाली तेव्हा आसपासच्या गावांनी खणायला सुरुवात केली होती. हातात काय होतं? फावडी, घमेली, पहारी आणि भातलावणीच्या चिखलात सवयीचे झालेले पाय. लावणीचे दिवस होते, घराघरात माणसं शेतात जायच्या तयारीत होती. ती शेतं सोडून शेजारच्या गावाच्या ढिगाऱ्यावर गेली. भातलावणी आठवडाभर पुढे गेली तर वर्षाचं पीक हातचं जाऊ शकतं, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

त्याच आठवड्यात न्हाव्याचंही एक संकट होतं, फार थोड्यांच्या लक्षात राहिलेलं. ओएनजीसीच्या समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पुरवणारा तळ न्हाव्याला आहे. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय उत्तर फलाटाजवळ ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या एका जखमी आचाऱ्याला उपचारासाठी फलाटावर चढवायचं होतं. वादळी हवेत ते जहाज फलाटावर आदळलं, गॅसवाहिनी फुटली आणि काही मिनिटांत फलाट पेटला. सगळी मिळून ३८४ माणसं त्या आगीत सापडली होती. त्यांतली ३६२ वाचली. आसपासची पुरवठा-जहाजं, नौदल आणि तटरक्षक दल यांनी रात्रभर खवळलेल्या समुद्रातून माणसं उचलली. किनाऱ्यावर पूर आणि समुद्रात आग अशा त्या दिवसांत उरण-पनवेलच्या कित्येक घरांतलं एक माणूस एका संकटात आणि दुसरं दुसऱ्या संकटाच्या मदतीला असेल.

२००५ नंतर कायदे आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत झाला, पुढच्या वर्षी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभं राहिलं आणि त्याची पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आली. या दलाने पुढच्या प्रत्येक पुरात माणसं वाचवली, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण दासगावच्या दरडग्रस्तांचं काय झालं? वाचलेली कुटुंबं पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये राहायला गेली आणि दहा वर्षं उलटली तरी त्यांच्या हक्काच्या घरांचा प्रश्न सुटलेला नव्हता. कोकणातल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली राहणं काय असतं ते तिथे दोन दुपारी काढल्या तर कळतं. पहिल्या आठवड्यात जिल्हा आणि राज्य त्यांच्याकडे धावलं. दुसऱ्या वर्षी कुणी नव्हतं. माझ्या मते आपल्या समाजाच्या मदतीत सर्वांत मोठी खांड इथे पडते.

२२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात २४ तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री तिथेच उगम पावते आणि तिचं पाणी काही तासांत महाडच्या बाजारपेठेत येतं. महाड पुन्हा बुडालं, या वेळी पहिल्या मजल्याच्या आसपास. वीज गेली, फोन गेले. त्याच दुपारी तालुक्यातल्या तळीये गावात जमिनीला भेगा दिसू लागल्या म्हणून माणसं घराबाहेर येऊन एकत्र जमली होती. डोंगर त्यांच्यावरच आला. ८४ हून अधिक जीव गेले. खाली महाडला जाणारे सगळे रस्ते पाण्याखाली असल्यामुळे मोठी पथकं दुसऱ्या दिवशी पोहोचली. आधी पोहोचले ते भोवतालच्या वाड्यांतले लोक आणि महाड-पोलादपूरच्या डोंगरवाटा पायाखालच्या असलेली गिर्यारोहक मंडळी.

पाणी उतरल्यावर महाडमध्ये जे उरलं त्याचं वर्णन ज्याने पाहिलं त्यालाच करता येईल. घोट्यापासून मांडीपर्यंत चिकट तांबडा गाळ. त्यात धान्य, औषधं, वह्या, साड्या, फ्रिज, दुकानांच्या चोपड्या आणि मेलेली जनावरं. गाळ ओला असेपर्यंत काढला तर निघतो, वाळला की कुदळीला दाद देत नाही. चार दिवसांचा खेळ असतो. महाडला त्या चार दिवसांत बिस्किटांपेक्षा हात हवे होते. मुंबई-ठाण्याकडच्या महापालिकांनी सफाई कामगारांची पथकं, पाण्याचे टँकर, पंप आणि गाळ उचलणारी यंत्रं पाठवली. घरदार सोडून आलेले ते सफाई कामगार अनोळखी माणसांच्या न्हाणीघरातला आणि माजघरातला गाळ उपसत होते. त्यांच्या कामाला मी त्या वर्षीची सर्वांत मोठी मदत मानतो. आरोग्य पथकं घरोघर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देत होती, कारण २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने घेतलेले बळी सगळ्यांच्या लक्षात होते. हा एका संकटाने दुसऱ्याला दिलेला धडा होता, आणि तो कुणीतरी नीट लिहून ठेवला म्हणून उपयोगी पडला.

महाडमध्येच, चवदार तळ्यावर, २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्यायलं आणि सार्वजनिक पाणी सर्वांचं आहे हे या देशाला ऐकवलं. म्हणून या शहरातल्या मदतीला मी एक कसोटी लावतो. टँकर कुठल्या आळीत आधी गेला, बौद्धवाडीत, कोळीवाड्यात, मोहल्ल्यात कधी पोहोचला, पाड्यांवरच्या कातकऱ्यांना शिधा मिळाला का? पूर येताना घरं निवडत नाही असं म्हणतात. खरं तर निवडतो. सखल जागेत राहणारा, कच्च्या भिंतीचा, कागदपत्रं नसलेला माणूस आधी बुडतो आणि शेवटी भरपाई घेतो. ज्याच्या नावावर घर नाही त्याला पंचनाम्यात जागा नसते. दुकानात हिशेब लिहिणारा नोकर, भाड्याच्या खोलीतली विधवा, वीटभट्टीवरचं कुटुंब यांचं नुकसान कागदावर येतच नाही. शेजारी जागा असेल तरच ते कुणाला तरी दिसतं.

वस्तूंच्या मदतीबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर जुन्या कपड्यांचे ढीग येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तेव्हा महाराष्ट्र इतका हेलावला की गावोगावहून टेम्पो निघाले. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ बोट उलटून १७ माणसं बुडाली, त्या बातमीने तर माणसं रडली. त्या प्रेमाची किंमत मी कमी करत नाही. पण फाटकी लुगडी, बटणं तुटलेले शर्ट आणि मुदत संपलेली औषधं पाठवणं म्हणजे आपल्या घरातला कचरा दुसऱ्याच्या पडक्या घरात टाकणं. ज्याने काल सगळं गमावलं त्याला निवडून टाकण्याचं एक काम आपण वाढवून देतो. पूरग्रस्त बाईला नवं पोलकं, अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, कोरडी चटई, स्टोव्ह, वाती, विजेरी आणि मुलाच्या शाळेच्या वह्या लागतात. दुकानदाराला दोन महिन्यांची उसनवारी लागते. शेतकऱ्याला भाताचं बियाणं किंवा उरलेली रोपं लागतात. लावणीनंतर आपल्या शेतात उरलेली रोपं शेजाऱ्याला देण्याची जुनी रीत कोकणात आहे. पूर ओसरल्यावर तिच्याइतकी वेळेवरची मदत दुसरी नसेल.

समुद्रकाठच्या माणसांना आणखी एक गोष्ट देता येते, ती म्हणजे होडी आणि ती चालवणारा हात. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळ बुडालं तेव्हा तिथल्या मच्छीमारांनी साडेसहाशेहून अधिक बोटी ट्रकांवर चढवून शेतांतून आणि गल्ल्यांतून नेल्या. केरळ सरकारच्या हिशेबाने त्यांनी सुमारे ६५ हजार माणसं बाहेर काढली. आपली मासेमारी बुडवून आणि बोटीचे तळ दगडांवर घासून ते गेले होते. उरण, करंजा, मोरा, दिवाळे, रेवस इथल्या नाखव्यांच्या हातांत तेच कौशल्य आहे. रामदास बोटीच्या दिवशी ते दिसलं होतं. महाडच्या नद्यांत पाणी चढतं तेव्हा ते वापरण्याची रीतसर सोय मात्र आपण कधी केली नाही. बोटींची यादी नाही, त्या वाहून नेण्याची व्यवस्था नाही, आणि बोटीचं नुकसान झालं तर ते कोण भरणार याचं उत्तर नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटाशी असलेली इर्शाळवाडी ही ठाकरवाडी दरडीखाली गेली. २२८-२२९ माणसांची वस्ती. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. रात्री, पावसात, तास-दीड तासाच्या निसरड्या चढणीवर पहिल्यांदा पोहोचलेल्यांत खोपोलीच्या यशवंती हायकर्सची मंडळी होती. नवी मुंबईहून गेलेल्या अग्निशमन दलातला एक अधिकारी तो चढ चढतानाच हृदयविकाराने गेला. जेसीबी वर जाऊ शकत नव्हता. सिडकोने आपल्या कामांवरचे शेकडो मजूर पाठवले आणि त्यांनी पाठीवर फावडी घेऊन तो डोंगर चढून हातांनी माती उपसली. त्यांतले बहुतेक स्वतः आपल्या मुलुखापासून दूर, पत्र्याच्या झोपड्यांत राहणारे. नवी मुंबईचे मनोरे त्यांनी बांधले, विमानतळाची जमीन त्यांनी सपाट केली, आणि त्या दिवसांत एका ठाकरवाडीला शोधायला ते गेले. वृत्तवाहिन्यांवर त्यांच्या मुलाखती फारशा झाल्या नाहीत.

वाचलेल्यांना चौक गावाजवळ कंटेनरमध्ये ठेवण्यात आलं. तळीयेतही लोकांना कंटेनरमध्ये राहावं लागलं होतं. न्हावा-शेव्याच्या बंदरातून वर्षाला ६० लाखांहून अधिक कंटेनरांएवढी मालवाहतूक होते. त्या लोखंडी पेट्यांत जगाचा माल येतो आणि जातो. त्याच आकाराच्या पेटीत डोंगरावरचं एक कुटुंब चूल मांडून, खिडकी कापून घेऊन राहतं, तेव्हा पहिले काही आठवडे ती मोठी सोय असते. पाऊस लागत नाही, दार बंद करता येतं, बायकांना आडोसा मिळतो. मार्च-एप्रिलात मात्र आत थांबवत नाही. इर्शाळवाडीच्या कुटुंबांसाठी सिडकोने चौकजवळ ४४ घरं बांधायला घेतली आणि दासगावशी तुलना करता हे काम बरंच वेगाने झालं. एकच संस्था, तिच्याकडे जमीन, पैसा, अभियंते आणि ठरलेली जबाबदारी होती. दासगावला यातलं काहीच एका हाती नव्हतं. तिथे महसूल खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे कागद फिरत राहिला. मदतीत भावना लागतेच, पण दुसऱ्या वर्षीही जबाबदार कोण, हे पहिल्याच आठवड्यात ठरलेलं असावं लागतं.

उरण तालुक्यातल्या गावांना आता स्वतःच्या पुराचीही चिंता आहे. भरावामुळे जुने नाले आणि खाडीचे फाटे बुजले आहेत, काही गावांत भरतीचं पाणी अंगणापर्यंत येतं. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि शिवडीहून न्हावा-शेवा वीस मिनिटांवर आलं. पूल चांगला आहे. मदतीचा ट्रक मुंबईहून लवकर येईल. पण भरतीला सहा तास लागतात आणि दरडीला काही सेकंद, आणि तेवढ्यात जे करायचं ते गावातच करावं लागतं.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना गावपातळीवर स्वयंसेवक तयार करण्यासाठी आहे. तिचा उपयोग करून एखाद्या ग्रामसभेने मे महिन्यात बसून एवढं लिहून काढलं तरी खूप होईल: कुणाकडे होडी आहे आणि ती कोण चालवतो, जेसीबी आणि पाणी उपसायचा पंप कुणाचा, दोर आणि टायरट्यूब कुठे ठेवल्या आहेत, गावात नर्स कोण, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाच्या पोटात बाळ आहे, कोणती शाळा उंचावर आहे आणि तिची किल्ली रात्री कुणाकडे असते. शेजारच्या तीन गावांनी तीच यादी केली आणि एकमेकांना दिली, तर एका गावात पाणी चढताना दुसऱ्या गावाला काय घेऊन निघायचं ते ठाऊक असेल. ही यादी दर वर्षी बदलते, कारण होड्या विकल्या जातात, माणसं म्हातारी होतात, नवी सून येते, भाडेकरू बदलतात. म्हणून ती भिंतीवर रंगवून भागणार नाही, दर मे महिन्यात नव्याने करावी लागेल. भाडेकरू, मजुरांच्या वस्त्या आणि खाडीकाठचे कातकरी यांची घरं त्या यादीत पहिल्या पानावर हवीत, कारण इतर कुठल्याही कागदावर ती सापडत नाहीत.